दहा हजारांचे कर्ज, एक पैसा आणि एक कप चहा : छोट्या उद्योगांना आधार कोणी दिला?

१/
१९१० साल उजाडले तेव्हा बेळगावातील एका छोट्या कारखान्यावर गाशा गुंडाळण्याची पाळी आली होती. नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी ती जागा हवी होती. कारखान्यात कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तयार होत. मालकाचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. हाती कसब होते, काही यंत्रे होती, माणसे होती. पण उभे राहायला जागा नव्हती आणि नव्याने मांडामांड करण्याइतके भांडवलही नव्हते.

२/
आज असा प्रसंग ओढवला तर उद्योजक जिल्हा उद्योग केंद्रात जाईल, औद्योगिक वसाहतीत भूखंड मागेल, बँकेत प्रकल्प अहवाल देईल. १९१० मध्ये यातले काहीही अस्तित्वात नव्हते. तरीही त्या काळात महाराष्ट्रात छोटे उद्योग उभे राहिले. त्यांना हात कोणी दिला, कशा स्वरूपात दिला आणि तो हात कोणापर्यंत पोहोचला नाही, याचा हा धागा. 🧵

३/
आधी बँकांकडे पाहू. मुंबई बँकेसारख्या प्रेसिडेन्सी बँका होत्या, परंतु १८७६ च्या कायद्याने त्यांचे हात बांधलेले होते. जमीन किंवा इमारतीच्या तारणावर कर्ज देण्यास त्यांना मनाई होती आणि कर्जाची मुदतही काही महिन्यांपुरतीच असे. कापसाच्या गाठी घेऊन जहाजावर चढवणाऱ्या व्यापाऱ्याला ही व्यवस्था सोयीची होती. भट्टी उभारून तीन-चार वर्षांनी नफ्याचे तोंड पाहणाऱ्या कारखानदाराला तिचा काडीचाही उपयोग नव्हता. त्याच्यासाठी उरे तो सावकार.

४/
सरकार तरी? त्याच वर्षी, म्हणजे जुलै १९१० मध्ये, भारतमंत्री लॉर्ड मोर्ले यांनी लंडनहून एक खलिता धाडला. मद्रास इलाख्यात आल्फ्रेड चॅटर्टन हे अधिकारी सरकारी खर्चाने नवे उद्योग करून दाखवत होते : अॅल्युमिनियमची भांडी, क्रोम पद्धतीने चामडे कमावणे. युरोपीय व्यापाऱ्यांची तक्रार होती की सरकारने धंद्यात पडू नये. मोर्ले यांचा कौल त्यांच्या बाजूने पडला. लोकांना नव्या पद्धतींचे शिक्षण द्यावे, त्यापलीकडे सरकारी पैसा उद्योगात घालू नये, असा त्याचा मथितार्थ होता.

५/
म्हणजे ब्रिटिश मुलखातील छोट्या उद्योजकासाठी बँकेचे दार बंद आणि सरकारचेही बंद. परंतु महाराष्ट्राच्या नकाशावर ब्रिटिश मुलखाच्या अधूनमधून संस्थानांचे ठिपके पसरलेले होते. तेथे मोर्ले यांच्या खलित्याचा अंमल थेट पोहोचत नव्हता. राजाच्या मनात आले तर तो जमीन देऊ शके, कर्जही देऊ शके. पुढच्या कथेचा बराचसा भाग या ठिपक्यांवर घडतो.

६/
किर्लोस्कर कोण होते? जन्म १८६९, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर. चित्रकार व्हायचे म्हणून मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात गेले. रंगांधळेपणामुळे तो मार्ग खुंटला. मग यांत्रिक रेखाटन शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक झाले. तेथे बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडून बेळगावला परतले. भावासोबत सायकली विकल्या आणि नंतर शेतीच्या अवजारांकडे वळले.

७/
नांगराचा अनुभव जिव्हारी लागणारा होता. लोखंडाने जमिनीत विष पसरते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. भांडवलाची अडचण नेहमी बोलली जाते, पण तयार माल पडून राहिला तर भांडवल कितीही असो, ते आटतेच. गिऱ्हाइकाचा विश्वास ही उद्योगाची वेगळी आणि बहुधा अधिक अवघड गरज आहे.

८/
बेळगावची जागा जाणार हे ठरल्यावर मदतीला आले औंध संस्थान. सातारा परिसरात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले, जेमतेम ७२ गावांचे हे राज्य. १९०९ मध्ये गादीवर आलेले भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते होते. त्यांनी किर्लोस्करांना आपल्या मुलखात बोलावले. पुणे-मिरज लोहमार्गावरील कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज दिले.

९/
जमीन म्हणजे फड्या निवडुंगाचे रान. त्यात नागांचा सुळसुळाट. पाणी दुर्मीळ. मग तिचा लाभ काय? एकच, पण मोलाचा : रेल्वे स्थानक उशाशी होते. कच्चे लोखंड आणि कोळसा आणायचा, नांगर देशभर धाडायचे, तर रुळांशिवाय गत्यंतर नव्हते. मार्च १९१० मध्ये निवडुंग तोडून वसाहतीला आरंभ झाला. पुढे स्थानकाचे नावही किर्लोस्करवाडी झाले. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात येते.

१०/
या मदतीची रचना पाहण्यासारखी आहे. राजाने कारखाना स्वतः काढला नाही आणि दानही केले नाही. जमीन आणि कर्ज देऊन जोखमीचा एक वाटा त्याने स्वतःवर घेतला. कारखाना चालवण्याची जबाबदारी मात्र सर्वस्वी उद्योजकाची राहिली. आजच्या भाषेत भूखंड आणि प्रारंभिक भांडवल. फरक इतकाच की तारण म्हणून ठेवण्यासारखे किर्लोस्करांपाशी फारसे काही नव्हते. राजाने पारखले ते माणसाला.

११/
पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईनासे झाले आणि नांगरांचे ओतकाम अडले. या वेळी दुसरे संस्थान मदतीला आले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या, निकामी तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. तोफांचे नांगर झाले ही गोष्ट आज काव्यात्म वाटते. कारखान्याच्या दृष्टीने तो कच्च्या मालाचा पुरवठा होता, आणि तो नेमका अडचणीच्या वेळी झाला. १९२० मध्ये या उद्योगाची मर्यादित कंपनी झाली.

१२/
औंधचा हा एकच प्रयोग नव्हे. १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ औंधच्याच मुलखात ओगले बंधूंचा काच कारखाना सुरू झाला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील पुढे महाराष्ट्रात घरोघरी लटकला आणि गावाला ओगलेवाडी हे नाव मिळाले. ७२ गावांच्या संस्थानात दोन औद्योगिक वाड्या. कोल्हापूरच्या अखत्यारीतील इचलकरंजी जहागिरीतही हेच दिसते. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग बसवला आणि जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी या धंद्याला उत्तेजन दिले. आजच्या वस्त्रनगरीचे बीज ते.

१३/
पण ज्यांना राजा भेटला नाही त्यांचे काय? पुण्याच्या आसपास, ब्रिटिश मुलखात, याचे एक निराळे उत्तर शोधले गेले. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अगदी साधी होती : प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून देशी उद्योग उभे करावेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा विचार कित्येकांना हास्यास्पद वाटला असेल. १९०५ च्या स्वदेशी चळवळीने त्याला बळ दिले, आणि लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभला.

१४/
थोडे गणित करू. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे होत. म्हणजे एक रुपया जमवायला ६४ माणसे हवीत. औंधच्या राजाने एका निर्णयात दिले तेवढे १०,००० रुपये पैशापैशाने गोळा करायचे तर ६,४०,००० माणसांपुढे हात पसरावा लागेल. पैसा फंडाच्या स्वयंसेवकांनी पत्करलेले काम या मापाचे होते. त्याचा वेग मंद असणार हे उघड आहे. परंतु पैसा देणारा प्रत्येक जण त्या उद्योगाचा हितचिंतक होई, आणि स्वदेशी मालाचा संभाव्य ग्राहकही.

१५/
या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. तो नुसता कारखाना नव्हता, काच तयार करण्याची शाळाही होती. परदेशात शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे सुरुवातीचे तज्ज्ञ होते. तेथे भट्टीपुढे उभे राहून शिकलेली मुले पुढे ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेली. काहींनी स्वतःचे कारखाने काढले. लोकवर्गणीने एका उद्योगाला भांडवल दिले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अनेक उद्योगांना कारागीर दिले.

१६/
राजाचा मार्ग आणि वर्गणीचा मार्ग यांत एक मूलभूत भेद आहे. राजाची मदत झटपट मिळते, मोठी असते, पण ती एका माणसाच्या मर्जीवर उभी असते. वर्गणी हळूहळू जमते, पण तिला हजारो पाय असतात. मात्र दोन्ही मार्गांवर एक प्रश्न अनुत्तरित राहतो : समाजच ज्याच्या हातचे घ्यायला तयार नाही, अशा माणसाने धंदा करायचा कसा?

१७/
त्याचे उत्तर कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर सापडते. गंगाराम कांबळे हे महार समाजातील गृहस्थ शाहू महाराजांच्या पदरी नोकरीस होते. वरिष्ठ जातीच्या नोकरांसाठी असलेल्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांच्या कानी हे गेल्यावर मारणाऱ्यांना शिक्षा झाली. कांबळे यांना महाराजांनी सुचवले ते असे : ही चाकरी सोडून स्वतंत्र धंदा करावा. त्यासाठी मदतही केली.

१८/
१९२० च्या आगेमागे कांबळे यांनी ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे हॉटेल थाटले. जागा होती, भांड्याकुंड्यांची सोय झाली होती, चहाही उत्तम होता. गिऱ्हाईक मात्र फिरकेना. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? किर्लोस्करांच्या नांगराविषयी लोकांच्या मनात गैरसमज होता. तो एका हंगामाच्या चांगल्या पिकाने दूर होण्याजोगा होता. कांबळे यांच्या चहाविषयी कोणताच गैरसमज नव्हता. बहिष्कार माणसावर होता.

१९/
येथे आणखी पैसे देऊन काहीही साधले नसते. शाहू महाराजांनी ते ओळखले. फेरफटक्याला निघाले की ते आपली गाडी या हॉटेलापुढे थांबवत आणि जाहीरपणे चहा मागवत. स्वतः पीत आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही देत. छत्रपती पितात तो चहा नाकारण्याची सोय सोबतच्यांना नव्हती. रस्त्यावरच्या लोकांना जे दिसायचे ते दिसे. राज्याचा प्रमुख या ठिकाणी पहिला ग्राहक झाला होता.

२०/
छोट्या उद्योगाला मिळालेल्या मदतीच्या इतिहासात ही घटना क्वचित सांगितली जाते. तिची नोंद सामाजिक सुधारणेच्या प्रकरणात होते, आणि तेथे ती योग्यच आहे. परंतु ती अर्थकारणाचाही धडा आहे. ज्या बाजारात जात गिऱ्हाईक ठरवते, तेथे कर्ज आणि जागा देऊनही धंदा चालत नाही. बाजाराची वागणूकच बदलावी लागते. महाराजांचे १९२२ मध्ये निधन झाले. पुढे कोल्हापुरात त्यांचे पहिले स्मारक उभारण्यात कांबळे यांचाच पुढाकार होता.

२१/
शाहूंच्या धोरणाला व्यापक बाजूही होती. १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी पेठ वसवली गेली. १९०६ मध्ये सूत व कापड गिरणीची पायाभरणी झाली आणि १९१७ मध्ये जयसिंगपूर ही नवी बाजारपेठ आकाराला आली. बाजारपेठ वसवणे म्हणजे एकाला मदत न करता शेकडो लहान व्यापाऱ्यांना एकदम गिऱ्हाईक मिळवून देणे. राजाच्या वैयक्तिक कृपेपेक्षा ही मदत टिकाऊ ठरली. राजा गेला तरी पेठ राहिली.

२२/
कृपेची मर्यादा पुढे दिसणारच होती. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांविरुद्ध जी जाळपोळ उसळली, तिची झळ किर्लोस्करवाडीलाही लागली. अनेक वर्षांचे काम आगीच्या तोंडी गेले. कारखाना पुन्हा उभा राहिला, पण त्याच वर्षी मार्चमध्ये औंध संस्थान विलीन झाले. जमीन आणि कर्ज देणारा राजा आता राज्यकर्ता उरला नव्हता. राजाच्या विश्वासावर उद्योग सुरू होऊ शकतो. भोवतालच्या समाजाचा विश्वास मात्र राजाला आपल्या फर्मानाने देता येत नाही.

२३/
दरम्यान तिसरा मार्ग रुळत होता : संस्थेचा. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना मान्यता दिली. १९०६ मध्ये पुण्यात कॉसमॉस बँक निघाली. १९१९ च्या सुधारणांनंतर उद्योग हा विषय प्रांतांकडे आला आणि ज्या मद्रासला मोर्ले यांनी अडवले होते, त्याच मद्रासने १९२२ मध्ये उद्योगांना सरकारी साहाय्य देणारा कायदा केला. १९३५ मध्ये पुण्यात प्रा. वा. गो. काळे, धों. कृ. साठे प्रभृतींनी बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी केली. लहान उद्योजकाला पत मिळावी हा तिच्यामागील एक हेतू होता.

२४/
स्वातंत्र्यानंतर ही साखळी लांबली. १९५१ चा राज्य वित्त महामंडळ कायदा, १९६२ चे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, १९७८ पासूनची जिल्हा उद्योग केंद्रे, २००० मधील तारणाविना कर्जासाठीची पतहमी योजना, २०१५ ची मुद्रा योजना. प्रत्येक पायरीवर जुन्या राजाचे एकेक काम संस्थेकडे गेले. औंधच्या ३२ एकरांची जागा औद्योगिक वसाहतीने घेतली. १०,००० रुपयांच्या कर्जाची जागा पतहमीने घेतली. तळेगावच्या शाळेची जागा तंत्रशिक्षणाने घेतली.

२५/
यात मोठा लाभ आहे आणि तो नाकारता येणार नाही. आता अर्ज करायला राजाची ओळख लागत नाही. १९१० मध्ये किर्लोस्करांइतकेच कसब असलेले कितीतरी लोहार, सुतार, चांभार, विणकर असतील, ज्यांची राजवाड्यापर्यंत पोहोच नव्हती. त्यांची नावे कोणत्याही स्थानकाला मिळाली नाहीत. हक्काने मागता येणारी मदत आणि कृपेने मिळणारी मदत यांतील हा फरक लोकशाहीची कमाई आहे.

२६/
पण एक काम अद्याप कोणत्याही योजनेत पुरते बसलेले नाही : पहिल्या गिऱ्हाइकाचे. जागा, कर्ज, प्रशिक्षण यांचे नमुने आहेत, अर्ज आहेत, मुदती आहेत. नव्या माणसाचा माल कोणीतरी पहिल्यांदा घ्यावा लागतो, आणि तो घेताना चारचौघांत दिसावे लागते. सरकारी खरेदीत लहान उद्योगांसाठी वाटा राखण्याचे धोरण याच जाणिवेतून आले आहे. पण नाक्यावरच्या हॉटेलात कोण बसतो आणि कोण बसत नाही, हे कोणतेही परिपत्रक ठरवू शकत नाही.

२७/
म्हणून ही तीन उदाहरणे एकत्र ठेवून वाचावीत. कुंडल रोडला हवी होती जागा आणि भांडवल. तळेगावला हवे होते अनेकांचे थोडे थोडे. भाऊसिंगजी रस्त्यावर हवा होता एक कप चहा, सर्वांसमक्ष प्यालेला. स्थानिक उद्योगाला आधार देणे म्हणजे काय, याचे उत्तर ठिकाणानुसार बदलते. मदत देणाऱ्याने आधी अडचण कोठे आहे हे पाहिले, म्हणूनच ती लागू पडली.

२८/
आपल्या तालुक्यात अशी एखादी वाडी, पेठ, गिरणी किंवा पतसंस्था असेल, तर तिच्या जन्मकथेत तीन गोष्टी शोधून पाहाव्यात : जागा कोणी दिली, पहिले पैसे कोणी घातले, आणि पहिले गिऱ्हाईक कोण होते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा कागदपत्रांत मिळतील. तिसऱ्यासाठी गावातल्या वडीलधाऱ्या माणसांपाशी बसावे लागेल. ती माणसे आहेत तोवर ते करून घ्यावे.

(धागा समाप्त)